फळं घातली म्हणून वाइनचं सरबत होत नाही



उन्हाळा लागला की आपल्या भिशीच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर सरबतांच्या कृती फिरू लागतात. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, कलिंगडाचा रस, बेदाण्याचं पाणी. अलीकडे या रांगेत एक नवी कृती हळूच येऊन बसली आहे. तिला कुणी फ्रूट पंच म्हणतं, कुणी सांग्रिया म्हणतं. मोठं काचेचं भांडं, त्यात मोसंबीच्या चकत्या, सफरचंदाचे तुकडे, डाळिंबाचे दाणे, पुदिन्याची पानं आणि वरून दोन बाटल्या वाइन. फोटो इतका देखणा असतो की बघताक्षणी तहान लागावी. खाली एखादी शंका काढते, तर लगेच दुसरी लिहिते, "अगं, द्राक्षांचाच तर रस आहे. त्यात काय एवढं?"

त्या "त्यात काय एवढं"शी मला आज भांडायचं आहे.

दारू वाईट असते हे तुम्हाला सांगायला मी हा लेख लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाटलीतल्या दारूपेक्षा आपल्या घरांना या पंचचा धोका जास्त आहे, कारण बाटली आपलं नाव सांगते आणि पंच ते लपवतो. समोर बाटली आली तर नियम असलेली बाई हात मागे घेते. समोर सरबताचा ग्लास आला तर ती तो आनंदाने घेते. नियम पाळायचा की मोडायचा हे ठरवायची संधीच तिला मिळत नाही.

आधी हा पंच म्हणजे काय ते पाहू. पंच म्हटलं की आपल्याला पंचपरमेष्ठी आठवतात, पंचकल्याणक आठवतं. पण या पेयाचं नावही आपल्याच 'पाच' या आकड्यावरून पडलं असं मानतात. सतराव्या शतकात व्यापारासाठी हिंदुस्थानात आलेले इंग्रज दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच गोष्टी कालवून पीत आणि त्याला पंच म्हणत. या पाचांतल्या चार आपल्या स्वयंपाकघरात रोज असतात. त्या चार पाहून आपण पाचवीला घरात घेतो, सगळी गंमत इथेच आहे. सांग्रिया ही स्पेन आणि पोर्तुगालची. लाल वाइन, फळं, साखर, कधी थोडी ब्रँडी. त्यांच्याकडे तिला कुणी सरबत समजत नाही. युरोपच्या कायद्याने सांग्रियात किमान साडेचार टक्के मद्यार्क असावाच लागतो. तिथल्या माणसाला आपण काय पितो हे माहीत असतं. नाव बदलून, वर पुदिना टाकून सासूबाईंच्या हातात ग्लास द्यायची युक्ती आपलीच.

आता थोडा हिशोब करू, कारण "अगदी नावाला असते गं" हे वाक्य फार ऐकू येतं. साध्या वाइनमध्ये सुमारे १२ टक्के मद्यार्क असतो. ७५० मिलीची एक बाटली म्हणजे ९० मिली शुद्ध मद्यार्क, दोन बाटल्या म्हणजे १८० मिली. त्यात अर्धा लिटर मोसंबीचा रस आणि अर्धा लिटर सोडा घातला की अडीच लिटर पंच होतो. २५० मिलीच्या एका ग्लासात १८ मिली मद्यार्क आला. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये तो साधारण १३ मिली असतो. म्हणजे एक ग्लास "फळांचं सरबत" म्हणजे जवळजवळ दीड पेग. आणि सरबत कुणी एका ग्लासावर थांबवतं का? एप्रिलच्या उकाड्यात, गप्पांच्या भरात, गोड आहे म्हणून दोन होतात. तीन पेग व्हिस्की प्यायला सांगितलं तर जी बाई उठून घरी जाईल, तिला आपण हसत हसत तेवढंच पाजतो.

फळांचं तर विचारूच नका. चव मुरावी म्हणून ती रात्रभर वाइनमध्ये बुडवून ठेवतात. ग्लास रिकामा झाला तरी तळाशी तुकडे उरतात, ते वेचायला लहान मुलं येतात आणि "जाऊ दे, फळच आहे" म्हणून आपण ते त्यांच्या तोंडात पडू देतो. त्या तुकड्यात मद्य मुरलेलं असतं. मुरावं म्हणूनच तर ते रात्रभर ठेवलेलं असतं.

द्राक्ष आणि वाइन यांत फरक काय

"द्राक्ष भक्ष्य, मग त्याचा रस अभक्ष्य कसा?" हा प्रश्न मला पुष्कळ जणी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर धमकावून देता कामा नये.

ताजा रस आणि वाइन यांच्यामध्ये सडण्याची एक पूर्ण क्रिया असते. द्राक्षाच्या रसात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढतात, ते साखर खातात, त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. आंबणं ऐन भरात असताना रसाच्या एका थेंबात हे जीव लाखोंनी असतात. तेच वाढतात, तेच आपण तयार केलेल्या मद्यार्कात मरतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. तो गाळ काढला की वरचं ते वाइन. ही क्रिया जिवंत जीवच घडवतात हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवलं. आपल्या आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्याला रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांची योनी म्हटलं, ते पाश्चरच्या कित्येक शतकं आधी. विज्ञानाने शिक्का मारला म्हणून धर्म खरा ठरतो असं मी म्हणत नाही. पण "हे जुनं काहीतरी आहे, आता त्याला अर्थ नाही" असं म्हणणाऱ्या मुलीला एवढं सांगता येतं की बाई गं, अर्थ आहे, आणि तो तुझ्या शाळेच्या पुस्तकातही आहे.

गोष्ट इथे संपत नाही. वाइन गढूळ असते, ती नितळ दिसावी म्हणून तिच्यात काहीतरी घालून कण खाली बसवावे लागतात. त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, दुधातलं केसीन आणि माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ हे जगभर वापरले जातात. काही ठिकाणी यासाठी नुसती बेंटोनाइट माती वापरतात, हेही खरं. पण तुमच्या भांड्यात ओतलेल्या बाटलीत काय वापरलं होतं हे भिशीत कुणी पाहिलेलं नसतं. पावाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका तीनदा तपासणाऱ्या आपण, केकमध्ये अंडं नाही ना म्हणून बेकरीवाल्याला दोनदा विचारणाऱ्या आपण, इथे मात्र "फळांचंच आहे" म्हणून डोळे मिटतो.

द्वारकेची आठवण

आपल्या पुराणात एक कथा आहे, ती या पंचसाठीच सांगून ठेवली आहे असं मला वाटतं. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात ती येते. नेमिनाथ भगवंतांनी सांगितलं होतं की मद्याच्या निमित्ताने आणि द्वैपायन मुनींच्या क्रोधाने द्वारका भस्म होईल. यादव काही निष्काळजी नव्हते. श्रीकृष्णाने नगरात मद्यावर बंदी घातली. होतं नव्हतं ते सारं मद्य कदंबवनात नेऊन ओतून टाकलं. द्वारकेत मद्याचा थेंब उरला नाही.

मग द्वारका जळली कशी? काही वर्षांनी यादव कुमार वनक्रीडेला गेले. ऊन होतं, तहान लागली. वनातल्या कुंडांत पाणी दिसलं, ते ओंजळीने प्यायले. त्या पाण्यात ते जुनं मद्य मिसळलेलं होतं. कुमारांची शुद्ध हरपली, तपाला बसलेल्या द्वैपायनांना त्यांनी दगड मारले, आणि पुढे जे झालं ते आपण जाणतो.

लहानपणी ही कथा ऐकताना आपलं लक्ष आगीकडे असतं. मोठेपणी ती वाचली की कुंडाकडे लक्ष जातं. कुमारांनी मद्य म्हणून मद्य प्यायलं नव्हतं. समोर सुरापात्र आलं असतं तर त्यांना बंदी आठवली असती. त्यांना तहान लागली होती आणि समोर पाणी दिसत होतं. ज्याला दारातून हाकललं ते पाण्याचं रूप घेऊन परत आलं. आपल्या घरांतून बाटली आपण हाकलली आहे. तीच आता मोसंबीच्या चकत्या लावून परत येते आहे.

ज्याचा नियम त्याला सांगा

मागच्या उन्हाळ्यात एका घरच्या समारंभात मी पाहिलेली गोष्ट सांगते. घर कुणाचं ते सांगणार नाही, सांगायची गरजही नाही. टेबलावर दोन भांडी होती, दोन्ही लाल, दोन्हीत फळं. एकात वाइन होती, एकात नव्हती. चिठ्ठी कशावरच नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या एक काकू, ज्यांचा अष्टमी-चतुर्दशीचा उपवास कधी चुकलेला मला ठाऊक नाही, त्यांनी वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "बाळ, हे सरबतच ना?" ती म्हणाली, "हो काकू, फ्रूट पंच." काकू प्यायल्या. कळलं तेव्हा त्या कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन त्यांनी प्रायश्चित्त मागितलं. आणि ज्यांनी पाजलं त्यांच्यात ती गोष्ट हसण्यावारी गेली. "काकूंना चांगलं लागलं म्हणे!"

मला विचाराल तर त्या दिवशी सर्वांत मोठं पाप वाइन पिणाऱ्यांचं नव्हतं. दुसऱ्याचा आयुष्यभराचा नियम त्याला न विचारता मोडण्याचं होतं. आपण पाणी गाळून पितो, दिवा लावताना किडामुंगी पाहतो, आणि एका म्हातारीच्या व्रतावरून पाय देऊन जाताना आपल्याला काही वाटत नाही? कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठ म्हणतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केल्याला मान डोलावणं, तिन्हींचं माप एकच. न सांगता पाजणं हे करवणंच आहे. आणि नंतर हसणं हे मान डोलावणं.

व्रताचा प्रश्न बाजूला ठेवला तरी न सांगता पाजणं भयंकर आहे. त्या खोलीत कुणाची सून असते जिला नुकतीच पाळी चुकल्याचं कळलेलं असतं आणि अजून तिने घरात सांगितलेलं नसतं. गरोदरपणात मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही असं डॉक्टर सांगतात. कुणी मधुमेहाची गोळी घेत असते, कुणी झोपेची. कुणी कार्यक्रम संपल्यावर मुलाला मागे बसवून स्कूटी चालवत घरी जाणार असते. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर आपल्या देशात तो गुन्हा आहे, आणि दोन ग्लास पंचने सडपातळ बाईची ती मर्यादा सहज ओलांडली जाते. तिला वाटत असतं आपण सरबत प्यायलो.

"पण" म्हणणाऱ्यांसाठी

आता तुमच्या मनात जे "पण" आले असतील त्यांच्याकडे वळू.

"पण इडली-ढोकळाही आंबतो, मग त्याचं काय?" हे मी दर वेळी ऐकते. ज्या कडक नियम पाळतात त्या आंबवलेलं खातच नाहीत, आणि बाकीच्यांनी मर्यादेत राहून खावं की सोडावं हा ज्याच्या त्याच्या त्यागाचा प्रश्न आहे. पण मद्याचा त्याग हा पुढच्या पायरीचा त्याग नाही, तो पायाचा दगड आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस, मधु यांचा त्याग आणि पाच अणुव्रतं मिळून आठ मूलगुण सांगितले. आचार्य अमृतचंद्रांनी पाच अणुव्रतांच्या जागी पाच उदुंबर फळं घेतली. यादी बदलली, पण दोन्ही यादींत मद्य पहिलंच. सात व्यसनांतही ते आहे. मुळा चिरला गेला, रात्री भूक लागली म्हणून काही खाल्लं, तर तो दोष आहे, तरी श्रावकपण राहतं. मूलगुणच गेले तर मूळ गेलं. एक नियम पाळता येत नाही म्हणून सगळेच सोडायचे, हा तर्क आपण दुसऱ्या कुठे लावत नाही. घरात एक भांडं फुटलं म्हणून बाकीची कुणी फोडत नाही.

"पण द्राक्षासव औषध म्हणून घेतोच की!" आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, खरं आहे. म्हणूनच कितीतरी घरांत वैद्याला सांगून काढा किंवा चूर्ण मागून घेतात. आणि ज्याने आजारपणात नाइलाजाने दोन चमचे घेतले त्याचा दाखला गच्चीवरच्या पार्टीत द्यायचा नसतो. आजाऱ्याची सवलत निरोग्याने वापरायची नसते.

"पण शेतकऱ्याचं भलं होतं ना?" हा मुद्दा आपल्या भागात फार चालतो, कारण सांगली, तासगाव, मिरजेकडे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या माहेरी द्राक्षबागा आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही हेच कारण दिलं होतं. वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही तेव्हा ऐकवलं गेलं. पण बागेतल्या बाईला विचारा. आपल्याकडची थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही द्राक्षं खायला आणि बेदाण्याला जातात. वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशा वेगळ्या जाती लावतात आणि देशातल्या एकूण द्राक्षांचा अगदी थोडा हिस्सा वाइनमध्ये जातो. शेतकऱ्याची इतकी कळकळ असेल तर तासगावचा बेदाणा चार किलो जास्त घ्या, अवकाळीत भाव पडलेली द्राक्षं पेटीने घ्या. वाइनचा ग्लास हातात धरून शेतकऱ्याचं नाव घेणं हे नुसतं निमित्त आहे.

"पण पुरुष पितात तेव्हा कुणी लेख लिहीत नाही. बायकांनी एक ग्लास घेतला की धर्म बुडाला?" हा मात्र मुद्दा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. धंद्याच्या पार्टीत "घ्यावी लागते" म्हणून घेणारे, लग्नाच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसणारे आणि सकाळी सोवळ्याने अभिषेकाला उभे राहणारे आपल्या समाजात आहेत. त्यांच्याबद्दल आपण डोळे मिटतो आणि मुलीने सांग्रियाचा फोटो टाकला की सभा भरवतो, हा अन्यायच आहे. श्रावक आणि श्राविका यांचे मूलगुण वेगळे लिहिलेले नाहीत. पण या अन्यायावर उपाय कोणता? त्याने सोडलं म्हणून आपणही सोडायचं, ही कसली बरोबरी? बरोबरी हवीच आहे तर नवऱ्याला, दिराला, मुलाला तोच प्रश्न विचारायची बरोबरी घ्या. बाटली हा लेख वाचणारीने ओतली असो की तिच्या नवऱ्याने, घर एकच आहे.

आणि शेवटचं, "थोडी वाइन तब्येतीला चांगली असते." ही समजूत कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांतून फिरली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्या संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं होतं. ज्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे त्यांत बायकांना होणारा स्तनांचा कर्करोगही आहे. वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद त्यात नाही. तब्येतीसाठी द्राक्षं हवीत तर द्राक्षं खा.

मग उन्हाळ्यात करायचं काय

नुसतं नको म्हणून लेख संपवला तर तुम्ही मला माफ करणार नाही, आणि करूही नये. पार्टी हवीच. गच्ची हवी, गप्पा हव्यात, लाल रंगाचं देखणं भांडंही हवं. आपल्या धर्मात उन्हाळ्याच्या पेयाला केवढा मान आहे हे आठवा. आदिनाथ भगवंतांचं पारणं हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने इक्षुरसाने घडवलं, त्याचीच अक्षय तृतीया झाली. वैशाखातल्या एका ओंजळभर ताज्या उसाच्या रसाची आठवण ज्यांनी एवढा काळ जपली, त्यांना पाहुण्यांसमोर ठेवायला पेय सापडू नये?

माझ्याकडे बारा ग्लासांसाठी मी असं करते. एक किलो काळी द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुऊन घ्यायची. एक लिटर गाळलेल्या पाण्यात दोन तुकडे दालचिनी आणि चार लवंगा घालून द्राक्षं दहा मिनिटं उकळायची, रवीने घुसळायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. सालीचा तुरटपणा उतरतो, तोच त्या पंचचा खरा स्वाद. पंधरा आमसुलं अर्धा तास पाण्यात भिजवून, कुस्करून ते पाणी घालायचं. दीडशे ग्रॅम साखर, तीन लिंबांचा रस, वेलदोड्याची पूड, चिमूटभर काळं मीठ. आलं घालायचं नाही, हवी तर किंचित सुंठ. वर माठातलं गार गाळलेलं पाणी साधारण लिटरभर. मोसंबीच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे आणि सफरचंदाचे तुकडे अगदी वाढताना टाकायचे, आधी नाही. उरवायचं नाही, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं तर मुळीच नाही, कारण ठेवलेला रस आंबायलाच लागतो आणि मग आपल्या भांडणाला अर्थ राहत नाही. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. पाचला बोलवा, साडेसहाला ग्लास रिकामे होऊ द्या. रात्रभोजनाचा प्रश्नही सुटतो आणि सगळ्या वेळेवर घरी जातात.

आता तीन गोष्टी मागते. तुमच्या घरी समारंभ असेल तर प्रत्येक भांड्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरात. दुसऱ्याकडे गेलात तर ओठाला लावण्याआधी "यात काय काय आहे?" एवढं मोठ्याने विचारा. लाजू नका. तुमच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनाही उत्तर ऐकू जाईल. आणि ग्रुपवर कुणी वाइनच्या पंचची कृती टाकली तर तिच्यावर तुटून पडू नका. खाली तुमची कृती टाका आणि एवढंच लिहा, "ताई, त्या कृतीत मद्य आहे, आपल्या घरात ही चालेल."

तुम्ही विचारलंत, की उत्तर देणारीला खरं सांगावं लागतं. खरं सांगितलं, की ज्याचा त्याचा नियम ज्याच्या त्याच्या हातात राहतो. मला तेवढंच हवं आहे.

जय जिनेंद्र.